धुराड्याच्या वाटेतली पत्रकं

आईला धुरातून बाहेर काढायचं काम मी कॉलेजात असल्यापासून करत होते. वहिनीनं ते एका दुपारच्या चहात उरकलं.

मला हे फोनवर कळलं. मी कोल्हापुरात खोली घेऊन राहते, एका पाक्षिकाचा मजकूर तपासते आणि उरलेल्या वेळात लिहिते. आई, दादा आणि वहिनी कोडोलीच्या घरात. दादाचा आवाज फोनमधून नेहमी शेतापलीकडून हाक मारल्यासारखा येतो.

"आईनं व्हय म्हटलंय बघ."

"कशाला?"

"धुराड्याच्या चुलीला. तुझ्या वैनीचा थोरला भाऊ येऊन बसवून देनाराय. शनवारी ये."

मला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टरांनी आईच्या छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं की हिला आता धूर चालणार नाही, पुढचा पावसाळा जड जाईल. तो फोटो घेऊन मी आईसमोर बसले होते. गॅस घरात होताच, पण त्यावर फक्त चहा व्हायचा. भाकरी, आमटी, अंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई."

चवीसाठी बाई फुफ्फुसं जाळून घेते, याचा मला इतका संताप यायचा की शेवटी मी एक पत्रक लिहिलं. स्वयंपाकघरातल्या धुराला कोण जबाबदार आहे, बायकांच्या खोकल्याला कुणी आजार का म्हणत नाही, घर बांधताना देवळीला जागा सुचते आणि धुराला वाट का सुचत नाही, असं सगळं त्यात होतं. ते मी कोडोलीच्या बाजारात वाटलं. घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटत शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं लिवलंयस," म्हणाली आणि फुंकणी उचलून चुलीत फुंकर घातली.

आणि आता वहिनीला ती हो म्हणाली होती. वहिनीला घरात येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. माझ्या पोटात दुखलं. तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी ते स्वतःला समजावून पाहिलं, पण तत्त्व असं पोटात दुखत नाही.

मी पत्रकांवर वाढले. बाबा कोल्हापुरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं स्वतःची पत्रकं छापायचे. हुंड्यावर, अंगात येण्यावर, रेशनच्या दुकानावर, बोअरच्या पाण्यावर कुणाचा पहिला हक्क यावर. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं देव सोडले आणि त्या रिकाम्या जागी बाबांनी छापील कागद आणला. बाजाराच्या दिवशी ते चौकात उभे राहून आधी पत्रक मोठ्यानं वाचायचे, मग वाटायचे. मी त्यांच्या शेजारी उभी असायची. अक्षरं मी पाटीवर गिरवली नाहीत, उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर गिरवली. ते गेल्यावर मागे राहिले ते सुतळीनं बांधलेले गठ्ठे. हे गठ्ठे चुलीच्या वरच्या माळ्यावर असायचे, बियाण्यासाठी टांगलेल्या मक्याच्या कणसांच्या शेजारी. घर लहान, जागा तेवढीच, असं मी धरून चालले होते. वर्षानुवर्षांच्या धुरानं ते चहाच्या रंगाचे झाले होते. कुठलाही गठ्ठा सोडला की धुराचा वास यायचा. माझ्यासाठी तो बाबांचा वास होता.

शनिवारी घरात पाऊल टाकलं तेव्हा जुनी चूल फोडून झाली होती. तिच्या जागी भाजक्या विटांचा ओटा उभा राहत होता आणि वहिनीचा भाऊ पायजमा खोचून मातीत हात घालून बसला होता. तो शिरोळकडचा. मोठा, हसरा, मिशीवर माती लागलेला माणूस. हंगामात गुऱ्हाळावर कामाला असतो. गुळाची काहील ज्यावर चढते ते चुलवाण, म्हणजे जमिनीतली भलीमोठी भट्टी, बांधण्यात त्याचं नाव आहे.

"या की पावनं," मी म्हटलं. आम्ही आधी एकदाच, लग्नात भेटलो होतो.

"आलोय की कवाच. तुमीच उशीर केलासा. म्हटलं कोल्लापूरचं सायेब येत्यात, तवर चूल गार करून ठिवू."

वहिनी खुदकन हसली. आईही हसली आणि हसता हसता खोकली. ती वहिनीच्या शेजारी, वहिनीला टेकून बसली होती. मला कुणी बस म्हणालं नाही. आपल्याच घरात आपल्याला कुणी बस म्हणावं लागतं का, हा प्रश्न मी मनात विचारला आणि उभीच राहिले.

चुलीला बाजूच्या भांड्यांसाठी दोन वैल, वर बिडाची जाड पट्टी, मागून पत्र्याचं धुराडं निघून सरळ माळ्यातून आणि कौलांतून बाहेर. दादानं माळ्याच्या फळ्यांना भोक पाडून ठेवलं होतं. मी वर पाहिलं. भोक बाबांच्या गठ्ठ्यांना लागून होतं.

"धुराडं हितनं जानार न्हाई," मी म्हटलं. "भिंतीतनं काढा."

"भितीतनं काढलं तर दोन वाकनं येत्यात, ताई. धुराला सरळ वाट लागती. वाकडं केलं की त्यो माघारी फिरतोय, आन परत आत्याच्याच नाकात." त्यानं हनुवटीनं आईकडं दाखवलं.

हे खरं होतं. मी येण्याआधी चार दिवस याच विषयावर वाचत बसले होते. पण त्याच वाचनानं मला दुसरंही कळलं होतं. धुराडं आणि वासा यांच्यात त्यानं चार बोटांचं अंतर ठेवलं होतं. मी म्हटलं, निदान हातभर पाहिजे, आणि छपरातून जातं तिथं बाहेरून आणखी एक रुंद नळकांडं घाला, मधे हवा खेळू दे. लाकूड एका दिवसात पेटत नाही. रोज तापून तापून कोळशासारखं होतं आणि मग एक दिवस पेटतं. आणि तेव्हा तापलेल्या पाईपवर पाणी घातलं तर पत्रा फुटतो, वाफ तोंडावर येते.

"आमच्या चुलवानाचं धुराडं माडीएवढं हाय," पाहुणा म्हणाला. "किती हंगाम झालं, काय झालं न्हाई."

"त्येच्यावर छप्पर हाय काय? त्ये उघड्यावर हाय पावनं. हितं वर सागाचं वासं हायत."

"तुमी लई वाचताय."

"मग? वाचू नको?"

"भांडू नगासा," आई म्हणाली. "पावन्यास्नी चा द्या कोनतरी."

त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, हसला, आणि चार बोटांचं अंतर चार बोटांचंच ठेवून पाईप उभा केला. दादा त्याच्या बाजूनं. गठ्ठे सरकवून माळ्याच्या कडेला लावले, झालं. चूल वहिनीच्या माहेरची, माणूस वहिनीच्या माहेरचा, आणि मी म्हणजे आडवं लावणारी नणंद. हे चित्र मला दिसत होतं. मी त्या चित्रात बसायला तयार नव्हते आणि बाहेरही पडता येत नव्हतं.

चहा करायला वहिनी गॅसपाशी गेली, तिच्या मागे मीही गेले. तिनं पातेल्यात साखर घालता घालता हळूच विचारलं, "वन्सं, ती कागदं माझ्या खोलीत नेऊया का? लग्नातली पेटी हाय माझी. रिकामीच पडलीया."

"कागदं न्हाईत ती. पत्रकं हायत. आन त्येंची जागा तीच हाय."

"पन आता धूर न्हाई ऱ्हायचा. मग त्या जागंचा काय उपेग?"

"धुराचा काय संबंध?"

तिनं चमचा थांबवला. मी चेष्टा करतेय का, हे न कळून ती माझ्याकडं बघत राहिली.

"तुमास्नी ठावं न्हाई? मामांनी मुद्दाम ठिवली हुती की तितं. धुरात कसर लागत न्हाई. बियान्याची कनसं टांगत्यात, तसंच. आत्या म्हनूनच तर चूल सोडत नव्हत्या. गॅसवर भाकरी केली की धूर जायचा आन मामांच्या कागदास्नी कीड लागायची, असं म्हनायच्या. मी म्हटलं, पेटीत ठिवू, डांबरगोळ्या घालू. मग व्हय म्हनल्या."

चहाला उकळी आली. वहिनीनं तो गाळला. मी तिच्या हाताकडं पाहत होते आणि मला त्या हाताचा, त्या गाळणीचा, त्या बांगड्यांचा राग आला होता. हिनं बाबांना पाहिलं नाही. त्यांचा आवाज ऐकला नाही. चौकात त्यांच्यावर कुणी चिखल फेकला तेव्हा ही शिरोळकडं कुठंतरी शाळेत असेल. आणि आईनं हे हिला सांगितलं.

मी तशीच परत चुलीपाशी गेले. पाहुणा बाहेर हात धूत होता. आई नव्या चुलीच्या ओल्या कडेवरून हात फिरवत होती.

"मला का सांगितलं न्हाईस?"

तिला विचारावं लागलं नाही, काय म्हणून. तिनं हात पदराला पुसला.

"तुला सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, कागद मोठा का मानूस मोठा. आन त्येंचंच कुटलंतरी पत्रक काडून मला वाचून दावलं असतंस." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "तू खरं बोलली असतीस. म्हनून न्हाई सांगितलं."

मी पाहुण्याचा चहाचा कप उचलला आणि बाहेर नेऊन दिला.

ओटा सुकायला मधे आठवडा दिला. पुढच्या रविवारी सकाळी पहिला जाळ करायचा होता. मी परत आले. शेजारच्या दोन बायका बघायला आल्या होत्या. एकीनं दूध उतू घालूया म्हटलं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं आणि परस्पर म्हणाली, "आमच्यात न्हाई घालत. दूध पिऊ की." हे वाक्य माझं होतं. बाबांचं होतं. ते तिनं इतकं सहज म्हटलं की मला ते हिसकावून घेतल्यासारखं वाटलं.

लहान जाळापासून सुरुवात करा, विटा नव्या आहेत, असं मी सांगत होते. पण पाहुण्याचा हात गुऱ्हाळाचा. त्यानं चुलीचं तोंडही चुलवाणाच्याच मापानं मोठं ठेवलं होतं, आणि जळण म्हणून उसाची वाळकी चिपाडं सोबत आणली होती. चिपाड म्हणजे रस काढलेला ऊस, वाळला की कागदासारखा भडकतो. त्यानं कवळाभर चिपाडं दोन्ही हातांनी आत लोटली आणि काडी लावली.

चूल गरजली. दुसरा शब्द नाही. धूर असा ओढला गेला की खोलीत त्याचा मागमूस राहिला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई चुलीसमोर वाकली, तोंड अगदी जवळ नेलं, श्वास घेतला आणि वहिनीकडं बघून म्हणाली, "अगं, कायबी न्हाई नाकात!" लहान मुलीसारखी. इतक्या वर्षांत मी तिला चुलीसमोर डोळे न पुसता पाहिलं नव्हतं.

मला ते बघवेना. म्हणून मी शिडी चढून माळ्यावर गेले. पाईप बघायला जाते, असं म्हणाले. तोही हेतू होताच.

वर गरम होतं, पण कौलांखाली गरम असतंच. मी गुडघ्यावर पुढं सरकले. पत्र्याचा पाईप फळ्यांच्या भोकापाशी लालसर झाला होता. मी वाशावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. लाकडातून तेल सुटून बुडबुडे येत होते. पाईपकडची कड तपकिरी होत चालली होती. आणि कडेला लावलेले गठ्ठे पुरेसे कडेला नव्हते. सगळ्यात जवळच्या गठ्ठ्याचे कोपरे वर वळले होते, सुतळीतून बारीक धूर निघत होता.

"जळन भायेर वडा!" मी ओरडले. "चिपाडं भायेर वडा! पानी घालू नगासा पायपावर!"

खाली क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पाहुण्याचा आवाज आला, "वड, वड!" आणि दादानं चिमट्यानं जळती चिपाडं ओढून अंगणात टाकायला सुरुवात केली. कुणीतरी बादली उचलली असावी, कारण वहिनी ओरडली, "वन्सं नगं म्हनत्यात न्हवं! पत्रा फुटंल, वाफ यील त्येंच्या तोंडावर!" तिला हे कुठून कळलं? आठवड्यापूर्वी मी पाहुण्याशी भांडताना बोलले होते, तेव्हा ती आईला टेकू देऊन शेजारी बसली होती.

सुतळी जळून तुटली आणि गठ्ठा सुटला. मी ओढणीनं कड दाबून विझवली. मग एकेक गठ्ठा ओढून शिडीच्या तोंडाशी लोटायला लागले. खाली पाहिलं तर वहिनी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर हात वर करून उभी होती.

"द्या की हिकडं! टाका!"

मी टाकत गेले, ती झेलत गेली. सुटलेली पत्रकं तिच्या डोक्यावरून घरभर पसरली. आणि या सगळ्या गोंधळावरून आईचा आवाज येत होता, खोकत, चिडून, "ऱ्हाऊ दे ती कागदं! खाली उतर पोरी! अगं जळू देत, तू उतर!"

मी उतरले नाही. शेवटचा गठ्ठा खाली गेल्यावरच उतरले. पण ती हाक मी ऐकली होती. जळू देत, असं ती म्हणाली होती. वहिनीला नाही, मला.

वासा पेटला नाही. पाहुणा बराच वेळ शिडीवर उभा राहून त्या तपकिरी कडेकडं बघत होता. खाली आल्यावर मिशी पुसत म्हणाला, "ताई, तुमच्या मापानं करू."

"माझ्या मापानं न्हाई. वाशाच्या मापानं."

"ह्यास्नी जितल्यावर बी भांडायचं असतंय," तो दादाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याचं हसू आवडलं.

मग नीट झालं. मी दुसऱ्या दिवशीही राहिले आणि डोक्यावर उभी राहून करून घेतलं, पाहुणा कितीही कण्हला तरी. जवळचा वासा कापून हातभर सरकवला. पाईप छपरातून जातो तिथं बाहेरून रुंद नळकांडं बसलं, मधली जागा मोकळी. भोवतीची कौलं काढून पत्रा आला. धुराडं आढ्याच्याही वर चढवलं, वर पावसाची टोपी. चुलीचं तोंड विटा घालून बारीक केलं आणि चिपाडं कायमची बंद, फक्त वाळकं लाकूड. गॅसची टाकी चुलीपासून लांब, पलीकडच्या भिंतीला. समोरची खिडकी, जी बाबांच्या काळापासून पोत्यानं बुजवलेली होती, ती उघडली. काजळी महिन्याला झाडायची. काठीला चिंध्या बांधून ती कशी झाडायची ते मी वहिनीला दाखवलं. तिनं एकदाच पाहिलं आणि नीट केलं. त्याचाही मला थोडा रागच आला.

माळा रिकामा ठेवायचा हेही माझंच कलम. म्हणजे गठ्ठ्यांना घरात आता एकच जागा उरली. वहिनीनं पेटी ओढून आणली. तिच्या माहेरची, निळ्या रंगाची, झाकणावर मोर काढलेला. आम्ही दोघींनी मिळून पत्रकं गोळा केली, झटकली, लावली. ती प्रत्येक पत्रकाचा मथळा ओठ हलवत वाचायची. मी म्हटलं, वाचत बसलीस तर संध्याकाळ होईल. "हू दे की," ती म्हणाली. डांबरगोळ्या घातल्या. झाकण लागलं. पेटी तिच्या खोलीत, तिच्या खाटेखाली गेली. कुलूप नव्हतं, ही गोष्ट मी मुद्दाम पाहिली.

त्यानंतर मी गेले ते पावसाळ्यात. दिवसभर झड लागलेली, एस.टी.च्या काचा धुक्यानं भरलेल्या. घरापाशी आले तर धुराड्यातून बारीक, पांढरा, सरळ धूर वर जात होता आणि आत कुणीतरी वाचत होतं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

वहिनी चुलीशेजारी पाय पसरून बसली होती. मांडीवर पत्रकं. आई भाकरी थापत होती. वहिनी रेशनच्या दुकानावरचं वाचत होती, ज्यात बाबांनी काळाबाजारवाल्याला सरळ चोर म्हटलं आहे. आणि ती ते गोष्ट सांगितल्यासारखं वाचत होती, सावकाश, मधे थांबून. एका ठिकाणी आई म्हणाली, "हितं लोकं हसायची बघ," आणि दोघी हसल्या. ही माझी जागा होती. त्या चौकात मी उभी होते. कुठं हसायचे ते मला माहीत होतं.

छत्रीतून पाणी माझ्या चपलांवर गळत होतं. मी आत जावं, खोकावं, काहीतरी करावं. पण मी पत्रक संपायची वाट पाहिली, कारण मधे एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आई खोकली नव्हती. तवा तापलेला, पाऊस कौलांवर कोसळतोय, खोलीत चूल पेटलेली, आणि डॉक्टरांनी जड जाईल म्हणून सांगितलेल्या या दिवसांत आई हसली तरी खोकली नव्हती.

शेवटची ओळ झाली तशी मात्र मला राहवलं नाही.

"असं वाचायचं असतंय काय? चौकाच्या त्या टोकाला गेलं पायजे ऐकू!"

दोघी दचकल्या. "आली बघ," आई म्हणाली. "ये, डोकं पूस आदी."

वहिनीनं पुढचं पत्रक माझ्याकडं धरलं. "मग तुमीच वाचा की वन्सं."

मी घेतलं. ते हुंड्यावरचं होतं. कागदाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी आईच्या शेजारी बसले, तिचा पदर माझ्या हाताशी होता, तोंड पुसायचं निमित्त करून मी तो नाकाला लावला. पिठाचा वास. धुराचा वास कुठंच नव्हता. हेच तर मी इतकी वर्षं मागत होते.

मी बाबांसारखं वाचायला सुरुवात केली, छाती भरून, बाजार समोर असल्यासारखं. दोन ओळी झाल्या असतील. आईनं पिठाचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"सावकाश," ती म्हणाली. "ही वाचती तसं."

मी वहिनीकडं पाहिलं. ती चुलीत लाकूड सारत होती, मान खाली, हसू दाबत. माझ्या कानशिलापर्यंत जाळ चढला. मग मी पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं आणि सावकाश वाचायला लागले.